मेंढरांचा मावा आणि मायची कातडी

माझ्याआधी आमच्या घरात कुणी शाळेत टिकलं नव्हतं. बाप आणि काका, दोघे भाऊ मिळून मेंढरं राखायचे. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि जिंतूरच्या माळावरून खाली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाकडं चालू लागायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याच्या रानाला लेंड्यांचं खत, आम्हाला ज्वारी. किती ज्वारी द्यायची ते रानवाला ठरवायचा. एखादा चांगला भेटला तर वरून कांदे द्यायचा. एखादा सकाळी उठून म्हणायचा, "तुमच्या मेंढरानं मही तूर खाल्ली," आणि रिकाम्या हातानं हाकलायचा. पाऊसकाळात गावात परत. गावात एक पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तो पत्रा तापायचा तेव्हा आम्ही तिथं नसायचो, एवढंच त्या खोलीचं सुख.

मला आश्रमशाळेत घातलं ते शिकावं म्हणून नव्हे, तिथं दोन वेळा जेवण होतं म्हणून. हे सांगताना मला लाज वाटत नाही. जेवायला गेलेली पोरगी बारावी सायन्स झाली, बी. एस्सी.ला गेली. ज्यांची पोरं शिकायला म्हणून गेली त्यातली बरीच परत आली.

काका बापाहून बराच लहान. माय लग्न होऊन आली तेव्हा तो नाक पुसायला न येणारं पोरगं होता. आजी आधीच वारली होती, त्यामुळं त्याला भाकरी चुरून घातली ती मायनं. पुढं तोच कळपाचा कारभारी झाला. बाप मऊ स्वभावाचा, भांडण आलं की कोकरू उचलून दुसरीकडं जाणारा. रान कोणतं धरायचं, कोणतं मेंढरू विकायचं, कोणतं वेगळं बांधायचं, सगळं काका ठरवायचा.

वेगळं बांधण्याचं नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मेंढरांना मावा होतो. ओठांवर, हिरड्यांवर फोड येतात, खपल्या धरतात, जनावर चरायचं सोडतं. एकाचं दुसऱ्याला लागतं. म्हणून मावा दिसला की ते मेंढरू कळपातून काढायचं, लांब खुंटीला बांधायचं, त्याचं पाणी वेगळं. मग एकानं जबडा धरायचा, दुसऱ्यानं गोणपाटाच्या तुकड्यानं खपल्या घासून काढायच्या आणि वर हळद-तेल भरायचं. काही हप्त्यांत मेंढरू बरं होतं. कधी कधी घासणाऱ्याच्या बोटावरही मावा उठतो, तोही आपोआप जातो. आमच्यात हे डॉक्टरला विचारून कुणी करत नाही. पिढ्यान् पिढ्या हात तेच काम करत आलेत. मेंढरांची तोंडं घासायचं काम बहुतेक मायकडं असायचं. तिचा हात हलका होता.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी मायच्या तोंडात फोड आले. आधी गालाच्या आत, मग टाळूला. भाकरीचा तुकडा आत गेला की डोळ्यांत पाणी यायचं. ती ताकात भाकरी कालवून गिळायला लागली. हे सगळं नंतर मला तिनं आणि बापानं सांगितलं, मी तेव्हा जिंतूरला होस्टेलवर होते. काकानं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि निकाल दिला.

"मावा लागलाय वैनीला. मेंढराच्या तोंडात हात घालायचा अन् त्याच हातानं खायचं. दुसरं काय व्हणार?"

"मी काय मेंढरू हाय का?" माय म्हणाली.

"तोंड तर मेंढरावानीच आलंय."

"मेंढरू बरं रं. त्याला सासर नसतं."

हसले म्हणे सगळे. आणि हसून झाल्यावर तिचं ताट वेगळं केलं, पाण्याची घागर वेगळी केली, अंथरूण पालाच्या बाहेर टाकलं. मग इलाज सुरू झाला. काकीनं डोकं धरलं आणि बापानं गोणपाटाच्या तुकड्यानं तिच्या तोंडातले फोड घासले. त्यानं ते रागानं केलं नाही. बायको बरी व्हावी म्हणून केलं, जसं येत होतं तसं केलं. पण मेंढराच्या माव्यात खपली निघाली की खाली नवी कातडी असते. मायच्या तोंडात खाली काहीच नव्हतं. जिथं घासलं तिथली चांगली कातडीही सुटून आली. दुसऱ्या दिवशी जखम दुप्पट. काका म्हणाला, नीट घासलं नाही. म्हणून परत घासलं.

पुढं पाठीवर, छातीवर फोड आले. पाण्यानं भरलेले, सैल, हात लागला की फुटणारे. फुटले की लालभडक उघडं मांस, त्याला लुगडं चिकटायचं. कुणी म्हणालं देवी आली, लिंबाचा पाला घातला. कुणी हळूच महारोगाचं नाव काढलं. ज्याच्या रानात मेंढरं बसली होती तो म्हणाला, मेंढरं राहू द्या पण ती बाई हलवा. मग काकानं बापाला सांगितलं, वैनीला गावात नेऊन सोड. बापानं तिला एस.टी.त बसवलं. मागच्या सीटवर, अंगावर घोंगडी पांघरून. पत्र्याच्या खोलीत सोडलं आणि तो पुन्हा मेंढरांमागं गेला. ऐन उन्हाळ्यात. त्या पत्र्याखाली आमच्यातलं कुणी कधी उन्हाळा काढला नव्हता.

परीक्षा संपवून मी गावी गेले तेव्हा माय भिंतीकडं तोंड करून बसली होती, कारण पाठ टेकवता येत नव्हती. शेजारची बाई दारात भाकरी ठेवून जायची, आत यायची नाही.

"लांब बस," ती म्हणाली. "लागल तुला."

"किती दिवस झाले ह्याला?"

"लय झाले. संक्रांतीच्या आधीपासून हाय."

मी तिथंच विचार केला, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला खरा उपयोग तो. मावा असता तर केव्हाच गेला असता. मावा तोंडाला आणि हाताला येतो, पाठीवर येत नाही. आणि महिनोन् महिने बिऱ्हाडात राहून एकाही माणसाला तिचं लागलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती ओरडली. मी उठले नाही.

आधी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी लांबूनच पाहून उष्णतेचं सांगितलं आणि मलम दिलं. मलम लावताना कातडी मलमाबरोबर यायला लागली. मग परभणीला चामडीच्या डॉक्टरांकडं. त्या बाई होत्या. त्यांनी हातमोजे घातले, पण मायची हनुवटी धरली. कितीतरी महिन्यांत तिला घासण्याशिवाय दुसऱ्या कारणानं कुणी धरलं नव्हतं. मग जिथं फोड नव्हता अशा खांद्याच्या चांगल्या कातडीवर अंगठा ठेवून हलकंच सरकवलं. कातडी सरकली. उकडलेल्या बटाट्याचं साल सरकतं तशी.

"घरी घासलं का हे कुणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"म्याच घासलं," माय म्हणाली. बापाचं नाव तिनं घेतलं नाही.

कातडीचा छोटा तुकडा काढून मोठ्या शहरात तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं.

"सायन्सला आहेस ना तू? डेस्मोझोम शिकलीस?"

"आकृती काढली होती, मॅडम. परीक्षेला आली होती."

"त्याचाच आजार आहे आईला. पेम्फिगस. कुणाला लागत नाही. एका ताटात जेवलात तरी लागत नाही."

त्यांनी कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला, तपासणीत असा नमुना दिसतो म्हणाल्या. काळ्या पडद्यावर हिरव्या उजेडाचं जाळं. "मासळीच्या जाळ्यासारखं दिसतं असं आम्ही म्हणतो," त्या म्हणाल्या. आम्हाला मासळीचं जाळं काय माहीत? मला ती वाघूर दिसली, रानात मेंढरं कोंडायची आमची सुताची जाळी. तिच्यावरूनच मला हा आजार कळला आणि मी आजही तसाच शिकवते.

कातडी म्हणजे पेशींचे थर. शेजारच्या पेशी एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या नसतात. त्यांच्या अंगावर धरून ठेवणारे रेणू असतात, हाताला हात अडकवावा तसे एकमेकांत अडकलेले. जिथं पुष्कळ हात एकत्र अडकतात ती गाठ म्हणजे डेस्मोझोम, आणि त्यातल्या एका मुख्य हाताचं नाव डेस्मोग्लिन. रक्तात रोगजंतूंशी लढणारे प्रतिपिंड असतात, ते बाहेरच्याला ओळखून त्याला चिकटतात. मायच्या शरीरात ते चुकले. त्यांनी तिच्याच डेस्मोग्लिनला शत्रू धरलं. त्याला जाऊन चिकटले आणि गाठी सुटल्या. सूत तुटलेलं नाही, नुसत्या गाठी सुटल्या, तरी वाघूर उभी राहत नाही. पेशी आधी मरत नाहीत हो, त्या एकमेकींना सोडतात. मधल्या फटीत पाणी भरतं, तो फोड. अशा कातडीला गोणपाट लावला तर काय होणार? मेंढराच्या माव्यात जंतूनं मारलेली कातडी निघते. इथं जिवंत, निर्दोष कातडी आम्ही हातानं सोलत होतो.

तोंडातल्या कातडीत एका जातीचं डेस्मोग्लिन जास्त, अंगावरच्या कातडीत वरच्या थरांना दुसऱ्या जातीचं. प्रतिपिंड आधी पहिल्यावर उठले, मग दुसऱ्यावरही, म्हणून मायचं आधी तोंड गेलं आणि नंतर अंग. हे ऐकलं तेव्हा मला एकदम राग आला. इतका नेमका हिशेब लागणारा आजार, आणि आम्ही लिंबाचा पाला घालत बसलो.

पाऊस लागला, बिऱ्हाड गावात आलं. मला वाटलं होतं, लागत नाही एवढं सांगितलं की संपलं. मी दारात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. काका घोड्याच्या खोगिराची दोरी सोडत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"लागत न्हाई म्हणतीस. मग आलं कुठून?"

"बाहेरून आलं नाही काका. रोगाशी लढणारं जे आपल्या रक्तात असतं, ते चुकलं. त्यानं तिच्याच कातडीवर चढाई केली."

"म्हंजे तिच्याच रक्तानं तिला खाल्लं."

"तसंच म्हणा."

"आपलं रक्त आपल्याला उगंच खातंय व्हय?" तो आता सरळ उभा राहिला. "काही तरी केलं आसंल म्हणून खाल्लं. मेंढराचा मावा व्हता तवर बरं व्हतं पोरी. त्यात कुणाचा दोष नव्हता. तू कॉलेजातून ही काय बातमी आणलीस?"

काकी पुढं आली. "रक्ताचं हाय म्हणल्यावर पोरीबाळीत उतरल की. मह्या पोरींची लगनं कशी व्हायची?"

"उतरेलच असं नसतं काकी. आणि तुमच्या पोरींचं रक्त तुमचं आहे, मायचं नाही."

"पर घर एकच हाय न्हवं?"

मी अज्ञान काढायला गेले होते. अज्ञान निघालं आणि त्याच्या जागी पाप आलं. आधी ती आजारी होती म्हणून लांब, आता दोषी होती म्हणून लांब. बाप कोकरू उचलून गोठ्याकडं गेला.

मी मायला घेऊन परभणीला खोली केली. शेवटच्या वर्षाला तिथल्याच कॉलेजात नाव घातलं. सकाळी एका दुकानात काम, मग कॉलेज. इलाज सुरू झाला. स्टेरॉईडच्या गोळ्या, म्हणजे शरीराच्या त्या चुकलेल्या लढाईलाच दाबायचं. फोड थांबले. पण तोंड सुजून गोल झालं, साखर वाढली, गुडघे गेले. दवाखान्यात भेटलेली गावची एक बाई म्हणाली, "अगं माय, शहरात येऊन गुबगुबीत झालीस की! लेक लय खाऊ घालती वाटतं." माय म्हणाली, "व्हय, गोळ्याच खाते. घे ना तू बी दोन." ती बाई पुन्हा दिसली नाही.

गोळ्या कमी केल्या की फोड परत यायचे. मग डॉक्टरबाईंनी सलाईनमधून द्यायचं औषध काढलं, प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींनाच कमी करणारं. त्यासाठी ती काही दिवस दवाखान्यात राहिली, आणि तिथं एका दुपारी बाप आला. भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. त्याच्या वाट्याची मेंढरं त्यानं कुणाला तरी राखायला दिली होती. तो खाटेपासून लांब, दाराला टेकून उभा राहिला. तिथूनच म्हणाला,

"आता हात लावला तर चालंल का?"

"का बरं?" माय छताकडं बघत म्हणाली. "मेंढरं संपली का घासायची?"

बापानं ते ऐकून घेतलं. मग खाली बसला आणि तिचा पाय धरला. घोट्यापाशी, तिथं कधीच फोड नव्हते. मायनं पाय ओढला नाही. पण त्याच्याकडं बघितलंही नाही, हेही लिहून ठेवते. तो परत गेलाच नाही. आमच्याच खोलीत राहिला, एका गोदामावर राखणीला लागला.

मी एम. एस्सी.ला हाच विषय सेमिनारला घेतला. पेशींना धरून ठेवणारे रेणू आणि शरीराचं स्वतःशीच भांडण. मायचं नाव काढलं नाही, विषय मात्र मुळापासून मांडला. एकीकडं पेम्फिगस, तिथं पकड सुटते. दुसरीकडं आमवातासारखे आजार, तिथं उलटं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सूज आली की तिथं धरणारे रेणू भराभर उगवतात. रक्तातून धावत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात, आधी सैल, गडगडत, मग घट्ट, आणि अस्तरातून वाट काढून सांध्यात शिरतात. तिथं त्यांचं काहीच काम नसतं, पण त्या सांधा खातात. कुठं सोडलं म्हणून रोग, कुठं नको तिथं धरलं म्हणून रोग. पेम्फिगसमध्ये वरच्या पेशी एकमेकींना सोडून देतात, पण सगळ्यात खालची रांग जागची हलत नाही, कारण पायाला धरून ठेवणारे रेणू वेगळे असतात. पुस्तकात त्या रांगेला कबरीच्या दगडांची रांग म्हणतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर पाण्याच्या टाकीपाशी वर्गातली एक मुलगी आली आणि हळूच विचारलं, "पण खरं सांग ना, लागत नाही ना ते?" तासभर बोलले होते मी. ती गाववाली नव्हती, तिचे आईवडील दोघंही शिक्षक होते.

त्यानंतर खूप दिवसांनी काका खोलीवर आला. थोरल्या पोरीची सोयरीक जमत होती. मायच्या अंगावर तेव्हा एकही फोड नव्हता, गोळी नावाला उरली होती.

"वैनी, लग्नाला चला," काका म्हणाला. "पाव्हणे विचारायलेत, घरात कसली बीमारी व्हती म्हणून. तुमी दिसलात म्हंजे मिटलं. चांगल्या दिसायलात आता."

"म्हंजे मला दाखवायला न्यायलास."

"तसं न्हाई वो वैनी. मानपान हाय तुमचा."

"येते की. चार दिस आधी येते. पुरणपोळ्या मी करते. तुला मह्याच हातच्या आवडायच्या."

काका चुळबुळला. "आचारी लावलाय. तुमाला कशाला तरास? तुमी नुसतं खुर्चीवर बसायचं."

"खुर्चीवर बसायला मी काय आमदार हाय का?"

बोलता बोलता मायनं चहा उकळला होता, तो आणला. काकासमोर कप ठेवला. काकानं कपाकडं पाहिलं.

"म्या चहा सोडलाय वैनी," तो म्हणाला. "पित्त व्हायलंय."

हा माणूस जन्मभर चुलीवरची किटली खाली उतरू देत नव्हता. मग बापानं आपला कप संपवला, खाली ठेवला, हात लांब करून काकापुढचा कप उचलला आणि तोही प्याला. शेवटच्या घोटापर्यंत, काकाकडं बघत. माझ्या बापाला भावासमोर असं काही करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जा तू," माय काकाला म्हणाली. "लेकराचं लगन नीट व्हऊ दे. मी येत न्हाई."

काका गेला. आम्ही लग्नाला गेलो नाही. लग्न झालं, पोरगी सुखात आहे, तिचा अधूनमधून मला फोन येतो, मायला येत नाही. माझं लग्न मायच्या आजारामुळं राहिलं असं गावात म्हणतात. राहिलं नाही, मी केलं नाही.

पुढं माय बापाशी पुन्हा नीट बोलायला लागली. घरातलं पीठ तीच मळते. मी एम. एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. मायच्या गोळ्या आता बंद आहेत, दर काही महिन्यांनी तपासणी होते, अंगावर फोड नाही. माय वाचली.